विमानाचे सांधे आणि वंगण : कुठे लावावे, कुठे हात आवरावा

सेसना १७२ या चार आसनी विमानाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वंगणाचा एक तक्ता असतो आणि त्या तक्त्याखालच्या टिपांपैकी एक टीप नवख्या वाचकाला हमखास कोड्यात टाकते. वैमानिकाच्या हातापासून पंखांपर्यंत आणि शेपटीपर्यंत ज्या पोलादी केबल जातात, त्यांना आणि त्यांना जोडलेल्या साखळ्यांना वंगण लावू नये, त्या फक्त स्वच्छ व कोरड्या फडक्याने पुसाव्यात, असे ती टीप सांगते. अपवाद एकच : विमान समुद्रकिनाऱ्याच्या हवेत वावरत असेल तर. सायकलची चेन करकरू लागली की तिच्यावर तेल सोडायचे, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या आपल्यासारख्यांना ही सूचना उफराटी वाटते. ज्या केबलवर वैमानिकाचा जीव अवलंबून आहे, ती कोरडी का ठेवायची?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना छोट्या विमानाच्या वंगणाचे बहुतेक सगळे शास्त्र हाती लागते. विमानाच्या नियंत्रण-यंत्रणेतील प्रत्येक हलत्या जागेची गरज वेगळी असते. जे वंगण एका जागेचे आयुष्य वाढवते, तेच वीतभर अंतरावरच्या दुसऱ्या जागी झीज घडवू शकते. म्हणून या कामात हाताच्या सफाईपेक्षा जागेची ओळख अधिक मोलाची असते. ही ओळख करून घेण्यासाठी सेसना १७२ हेच उदाहरण सोयीचे आहे. १९५६ पासून हे विमान विकले जात आहे, १९८६ ते १९९६ हा खंड वगळता त्याचे उत्पादन चालूच राहिले आणि आजवर ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली आहेत. महाराष्ट्रातील फ्लाइंग क्लबांमध्येही अनेक विद्यार्थ्यांनी पहिले उड्डाण याच जातीच्या विमानातून केले आहे.

वैमानिक समोरचे चाक डावी-उजवीकडे फिरवतो तेव्हा पंखांच्या मागच्या कडेला बसवलेले एलेरॉन विरुद्ध दिशांनी हलतात आणि विमान एका अंगावर कलते. चाक पुढे-मागे सरकवले की शेपटीचे आडवे एलिव्हेटर हलते आणि नाक खाली-वर होते. पायातील पेडल दाबली की उभे रडर वळते. या विमानात मोठ्या विमानांसारखी हायड्रॉलिक मदत नसते, त्यामुळे सारे बळ वैमानिकाच्याच स्नायूंचे असते. ते बळ चाकामागच्या दांड्यांतून आणि साखळ्यांतून केबलवर येते, केबल पुल्यांवरून वळत वळत पंखात किंवा शेपटीत जाते, तेथे बेलक्रँक नावाचा कोनात वाकलेला तरफेसारखा भाग ओढला जातो आणि त्याला जोडलेली पुशरॉड शेवटी एलेरॉनला किंवा एलिव्हेटरला ढकलते. या साखळीत बेअरिंगे, बुश (फिरत्या दांडीभोवती बसवलेल्या छोट्या नळ्या), बिजागऱ्या आणि रॉडच्या टोकाचे गोल सांधे मिळून कितीतरी जागा एकमेकींवर घासतात. त्यांपैकी एक जरी जड झाली तरी ते वैमानिकाच्या बोटांना जाणवते, आणि सुरळीत चालणाऱ्या यंत्रणेत झालेला असा बदल नेहमीच गंभीरपणे घ्यावा लागतो.

घर्षणाचे दोन प्रकार

वंगणाचे नाव काढताच इंजिन डोळ्यांसमोर येते, पण इंजिनातले वंगण आणि नियंत्रण-यंत्रणेतले वंगण यांची कामे मुळातच निराळी आहेत. इंजिनाचा क्रँकशाफ्ट मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेतो. त्या वेगामुळे तेल शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधल्या फटीत ओढले जाते आणि धातू धातूला न टेकता तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. नियंत्रणाच्या सांध्यात असे कधीच घडत नाही. सेसना १७२ चे एलेरॉन वर साधारण २० अंश आणि खाली १५ अंश एवढेच हलते. प्रत्यक्ष उड्डाणात तर बहुतेक वेळ ही हालचाल दोन-चार अंशांच्या पलीकडे जात नाही, आणि दिशा बदलताना प्रत्येक वेळी वेग क्षणभर शून्य होतो. इतक्या संथ आणि तोकड्या हालचालीत तेलाचा जाड थर तयारच होत नाही. दोन पृष्ठभागांची सूक्ष्म उंचवट्यांची टोके एकमेकांना भिडलेलीच राहतात, आणि त्यांना वाचवतो तो वंगणातील रसायनांचा धातूला चिकटून बसलेला अतिशय पातळ लेप.

त्यातच इंजिनाची थरथर असते. भार असलेला सांधा स्थिर दिसत असला तरी थरथरीने दोन धातू एकमेकांवर केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने सतत घासत राहतात. या घासण्यातून निघालेला बारीक चुरा हवेतील प्राणवायूने गंजतो आणि बारीक पॉलिशच्या पावडरीसारखा वागून आणखी धातू खरवडतो. पोलादाच्या सांध्याभोवती तांबूस-तपकिरी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्याभोवती काळपट पूड दिसली तर हा प्रकार आत चालू आहे, असे अनुभवी इंजिनिअर लगेच ओळखतो. उघड्यावर उभे असलेले विमानही यातून सुटत नाही. वारा एलेरॉन आणि रडर हलवत राहतो आणि उड्डाण न करताच सांधे झिजतात. उभ्या विमानाच्या नियंत्रणांना लॉक लावण्याच्या शिस्तीमागे हेही एक कारण आहे.

ग्रीस म्हणजे नेमके काय

ग्रीस हे घट्ट तेल आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते आणि ती अर्धीच खरी आहे. ग्रीसमध्ये मुख्य वाटा तेलाचाच असतो, मात्र ते तेल एका घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या जाळ्यात धरून ठेवलेले असते. हा पदार्थ कधी लिथियमचा साबण असतो, तर कधी विशिष्ट प्रक्रिया केलेली माती. दाब आणि हालचाल मिळाली की जाळ्यातून थोडे थोडे तेल सुटते आणि सांध्याला मिळते. तेल वाहून जाते, ग्रीस जागेवर टिकते. म्हणून उभ्या, उघड्या किंवा वरचेवर हात पोचणार नाही अशा जागी ग्रीस, आणि ज्या बारीक फटीत वंगण आपणहून झिरपून जायला हवे तेथे पातळ तेल, अशी ढोबळ विभागणी असते.

सेसनाच्या तक्त्यात कंपन्यांच्या नावांऐवजी अमेरिकी लष्करी मानकांचे क्रमांक दिलेले असतात. सर्वसाधारण बेअरिंगांसाठी एमआयएल-जी-८१३२२ हे ग्रीस सांगितलेले असते, जे कडाक्याच्या थंडीपासून मोठ्या उष्णतेपर्यंत आपला गुण टिकवते. दुसरे एमआयएल-जी-२११६४. यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे काळे, पत्र्यांसारख्या थरांचे भुकटी-द्रव्य मिसळलेले असते. त्याचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, त्यामुळे तेल दाबाखालून पिळून निघाले तरी हे थर धातूंच्या मध्ये उरतात. मोठा भार आणि मंद गती असलेल्या स्क्रूसाठी ते का निवडले जाते, हे यावरून ध्यानात येईल. तिसरे म्हणजे एमआयएल-एल-७८७० या मानकाचे पातळ तेल, जे पेडलच्या दांड्या, रॉडची टोके आणि किरकोळ सांधे यांच्यासाठी असते. मानकांच्या नावांत कालांतराने अक्षरे बदलली आहेत, पण दुकानातून डबा घेताना हा क्रमांक जुळवून पाहायचा असतो. डब्यावरचे मोठ्या अक्षरांतले नाव दुय्यम.

मातीने घट्ट केलेले ग्रीस आणि लिथियमच्या साबणाने घट्ट केलेले ग्रीस एकमेकांत मिसळले तर अनेकदा दोन्हींची जाळी विस्कटते, मिश्रण पातळ होते आणि तेल सुटून वाहून जाते. रंगावरून किंवा वासावरून ही जात ओळखता येत नाही. त्यामुळे वंगणाचा प्रकार बदलायचा असेल तर जुने ग्रीस पूर्ण काढून, जागा धुऊन आणि वाळवूनच नवे लावायचे असते. ‘आहे त्यावरच थोडे चोपडू’ हा विचार स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीपुरता ठीक आहे.

केबल कोरडी का ठेवतात

आता पहिल्या कोड्याकडे येऊ. मुख्य नियंत्रणांची केबल जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते, पण ती एकसंध तार नसते. एकोणीस बारीक तारांचा एक पेड, आणि असे सात पेड एकत्र वळून एकूण १३३ तारांची ती केबल होते. पुलीवरून वळताना या तारा एकमेकींवर किंचित सरकतात, म्हणून केबल वाकू शकते. हे आतले सरकणे सुकर व्हावे यासाठी कारखान्यातच केबल वळताना तारांवर वंगणाचा हात दिलेला असतो. म्हणजे केबलला वंगण लागते हे खरेच. फरक इतकाच की ते आत असते आणि जन्मापासून असते.

बाहेरून लावलेले तेल किंवा ग्रीस या आतल्या वंगणात फारशी भर घालत नाही. ते केबलच्या पृष्ठभागावर राहते, जमिनीलगतच्या दौडीत उडालेली धूळ धरून ठेवते, आणि ती धूळ पुलीच्या खाचेत जाऊन केबल व पुली या दोघींनाही कानशीसारखी घासू लागते. उन्हाळ्यात धुळ्याच्या किंवा बारामतीच्या धावपट्टीभोवती जी कोरडी, बारीक माती उडते, ती विमानाच्या पोटात कोठवर जाते हे एकदा तळाची झाकणे काढून पाहिले की ही सूचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

समुद्रकिनाऱ्याचा अपवाद याच्या नेमका उलट तोल साधतो. खाऱ्या हवेत धुळीपेक्षा गंजाचा धोका मोठा असतो. मिठाचे सूक्ष्म कण आणि ओल केबलच्या पेडांमध्ये शिरतात आणि गंज आतून सुरू होतो, जेथे तो डोळ्यांना दिसत नाही. जुहूसारख्या समुद्राला लागून असलेल्या विमानतळावर उभे राहणारे विमान आणि खानदेशातील विमान यांची केबल एकाच कारखान्यातली असली तरी त्यांची निगा एकसारखी राहू शकत नाही. किनाऱ्यावर गंजरोधक संयुगाचा पातळ हात देणे शहाणपणाचे ठरते, आणि त्याबरोबर पुसण्याचे व तपासण्याचे कामही अधिक वेळा करावे लागते.

केबल स्वच्छ करताना होणारी एक चूक मात्र दोन्हीकडे सारखीच घातक आहे. मळ निघावा म्हणून केबल पेट्रोलसारख्या द्रावकात भिजवणे, वाफेने धुणे किंवा तिच्यावर एमईकेसारखे तीव्र द्रावक वापरणे यांमुळे मळाबरोबर पेडांमधले कारखान्यातले वंगणही निघून जाते आणि ते परत भरता येत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेत याविरुद्ध स्पष्ट ताकीद आहे. वरून चकचकीत आणि आतून कोरडी झालेली केबल मळक्या केबलपेक्षा वाईट असते, कारण तिची प्रकृती बिघडलेली असूनही ती निरोगी दिसते.

कोरड्या फडक्याने पुसण्याची सूचना वरवर साफसफाईची वाटते, पण तिच्यात तपासणी लपलेली आहे. फडके केबलवरून लांबीच्या दिशेने ओढत नेले की तुटलेल्या तारेचे टोक त्यात अडकते. (हे काम उघड्या बोटांनी करू नये, तुटक्या तारेचे टोक सुईसारखे रुतते.) तारा बहुधा तुटतात त्या पुलीवरून किंवा मार्गदर्शक कडीतून जाणाऱ्या भागात, आणि नियंत्रण मध्यभागी असताना नेमका तोच भाग पुलीखाली दडलेला असतो. म्हणून एकाने चाक व पेडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलवायची आणि दुसऱ्याने तो उघडा पडलेला भाग पाहायचा, अशी रीत आहे. ज्या केबलवर ग्रीसचा लगदा असतो, तिच्यावर ही तपासणी नीट होतच नाही. केबल कोरडी ठेवण्याचे हे कारण मॅन्युअलच्या त्या टिपेत लिहिलेले नाही, पण माझ्या मते ते धुळीच्या कारणाइतकेच वजनदार आहे.

पुल्या आणि बाकीचे सांधे

पुल्या सहसा कठीण राळेच्या, म्हणजे फिनॉलिकच्या असतात आणि त्यांच्या मध्यभागी बंद बेअरिंग असते. बंद बेअरिंगात कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी झाकणे बसवलेली असतात, म्हणून त्यांना वंगण लागत नाही, असे मॅन्युअल स्पष्ट सांगते. वरून पातळ तेल मारले तर ते झाकणाच्या कडेने आत झिरपते, आतले ग्रीस पातळ करते आणि बाहेर पडताना त्याला सोबत घेऊन जाते. पुलीचे दुखणे खाचेच्या झिजेवरून वाचता येते. खाच एका बाजूला झिजली असेल तर केबल तिरकी येत आहे. खाचेचा एकच तुकडा खोल झाला असेल तर बेअरिंग अडकले आहे आणि पुली फिरण्याऐवजी केबल तिच्यावरून घसरत आहे. अडकलेल्या बेअरिंगावर तेल हा उपाय नाही, ती पुली बदलावी लागते. केबलची ये-जा थोडीच असल्यामुळे पुलीचा ठरावीक भागच झिजतो, म्हणून अधूनमधून पुली थोडी फिरवून तिचा ताजा भाग केबलखाली आणण्याचा सल्लाही एसी ४३.१३-१बी मध्ये आहे.

ज्या पुल्यांची बेअरिंगे बंद नाहीत त्या, रॉडची टोके, बिजागरीचे खिळे आणि ऑइलाइट बुश यांना पातळ तेल द्यायचे, आणि तेही साधारण दर १,००० तासांनी किंवा गरज भासेल तसे अधिक लवकर, असे सेसनाचे सांगणे आहे. ऑइलाइट बुश हा मोठा हुशार प्रकार आहे. काशाची भुकटी दाबून आणि भाजून तो केलेला असतो, त्यामुळे त्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्या छिद्रांत तेल मुरवलेले असते. घर्षणाने बुश गरम झाला की तेल बाहेर येते, थंड झाला की पुन्हा आत ओढले जाते. अशा बुशात घट्ट ग्रीस भरले तर ते छिद्रे बुजवते आणि एका चांगल्या योजनेचा घात होतो. तेथे थेंबभर तेलच हवे.

सेसनाचे एलेरॉन ज्या लांबलचक, पियानोच्या झाकणाला असते तसल्या बिजागरीवर टांगलेले असते, तिच्यासाठी जुन्या तक्त्यांत ग्रॅफाइटची कोरडी भुकटी सांगितलेली आहे. कोरडी असल्यामुळे ती धूळ धरत नाही, हा तिचा मोठा गुण. तिची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे : ग्रॅफाइट आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले आणि त्यांच्यामध्ये खारट ओल शिरली की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. कोकणपट्टीसारख्या हवेत राहणाऱ्या विमानासाठी ही भुकटी योग्य की दुसरे काही, हा प्रश्न इंजिनिअरने त्या विमानाचे ताजे मॅन्युअल पाहून सोडवायचा आहे. सवयीने भुकटी फुंकत राहणे बरे नाही.

स्क्रू, नट आणि अलास्काचे २६१ क्रमांकाचे उड्डाण

नियंत्रण-यंत्रणेतल्या दोन जागा मात्र अशा आहेत की जेथे वंगण चुकले तर गोष्ट जड चाकावर थांबत नाही. एक म्हणजे फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या झडपा) खाली-वर करणारा विजेचा स्क्रू-जॅक, आणि दुसरी एलिव्हेटरच्या ट्रिम टॅबचा अ‍ॅक्च्युएटर. दोन्हींचे तत्त्व एकच : आटे असलेला स्क्रू फिरतो आणि त्यावरचा भाग सरकतो. आट्यांवर मोठा दाब असतो आणि गती कमी असते, म्हणून येथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस. सेसनाच्या अनेक जुन्या मॉडेलांत फ्लॅपचा स्क्रू दर १०० तासांनी साफ करून पुन्हा वंगण लावायला सांगितलेले आहे. स्क्रू उघडा असल्यामुळे धूळ आणि जुने काळे ग्रीस यांचे मिश्रण आट्यांत साचते. त्यावरच नवे ग्रीस लावणे म्हणजे वाळूवर लोणी फासण्यासारखे आहे. आधी आटे घासून पुसून स्वच्छ करायचे, मग पातळ थर द्यायचा.

ट्रिमचा अ‍ॅक्च्युएटर सेसना १७२ मध्ये उजव्या बाजूच्या आडव्या शेपटीत बसवलेला असतो. वैमानिकाजवळचे छोटे उभे चाक फिरवले की साखळी आणि केबल यांच्यामार्फत तो फिरतो आणि एलिव्हेटरच्या कडेचा चिमुकला टॅब हलतो, त्यामुळे वैमानिकाला सतत चाक ओढून धरावे लागत नाही. हा अ‍ॅक्च्युएटर ठरावीक मुदतीने काढून, उघडून, धुऊन, पुन्हा ग्रीस भरून बसवायचा असतो, आणि त्याच वेळी टॅबच्या मागच्या कडेला हाताने वर-खाली हलवून तिची ढिलाई मोजायची असते. ही ढिलाई मर्यादेबाहेर गेली तर वेगात उडताना टॅब फडफडू लागण्याचा धोका असतो, आणि तशी फडफड शेपटीचे किती नुकसान करील याला धरबंध नसतो.

या जोडीचे महत्त्व जगाला कळले ते एका मोठ्या विमानामुळे. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे २६१ क्रमांकाचे एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पॅसिफिक महासागरात कोसळले आणि त्यातील सर्व ८८ जण मरण पावले. त्या विमानात ट्रिमसाठी अख्खी आडवी शेपटीच एका लांब स्क्रूने हलवली जात असे. पोलादी स्क्रू काशाच्या नटात फिरत होता, आणि नटाचे आटे झिजत झिजत शेवटी स्क्रूपासून पूर्णपणे सुटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपुऱ्या वंगणामुळे झालेली अतिझीज हे या बिघाडाचे मूळ ठरवले. नटाच्या ग्रीस-निपलमागची, म्हणजे ग्रीस आत भरण्याच्या तोटीमागची, वाट सुकलेल्या, मातीसारख्या कचऱ्याने बुजलेली होती, आणि स्क्रूच्या कामाच्या भागावर उपयोगी पडेल असे ग्रीस उरलेले नव्हते. वंगणाची आणि झीज मोजण्याची मुदत त्याआधीच्या काही वर्षांत वाढवत नेण्यात आली होती, हेही चौकशीत पुढे आले. त्या विमान कंपनीने मध्यंतरी ग्रीसचा प्रकार बदलला होता, म्हणून दोन ग्रीसांच्या मिश्रणाचाही तपास झाला, पण त्या मिश्रणाने अपघात घडला असे आढळले नाही. ग्रीस कोणते, यापेक्षा ते आट्यांवर पोचले की नाही हा प्रश्न तेथे निर्णायक ठरला.

छोट्या विमानाला यातून घेण्यासारखी गोष्ट अगदी साधी आहे. निपलला ग्रीसची बंदूक लावून दोन-चार दाब दिले, एवढ्याने वंगण झाले असे समजू नये. नवे ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येताना दिसले पाहिजे आणि त्याने जुने ग्रीस बाहेर ढकलले पाहिजे. ते येत नसेल तर वाट बुजली आहे, आणि काम तेथेच थांबवून निपल काढून पाहायला हवे.

फवारे, प्लॅस्टिक आणि पाण्याचा झोत

हँगरच्या कपाटात डब्ल्यूडी-४० चा डबा सापडतोच. हे द्रव्य १९५३ मध्ये ओल दूर सारण्यासाठी तयार झाले आणि ते काम ते चोख करते. त्यात उडून जाणारे द्रावक मोठ्या प्रमाणात असते, म्हणून बेअरिंगावर ते मारले की पहिले काही दिवस हालचाल मोकळी वाटते, कारण जुने ग्रीस धुतले गेलेले असते. द्रावक उडून गेल्यावर मागे अगदी पातळ थर उरतो. पाण्याने भिजलेली बिजागरी वाळवायला तो डबा जरूर घ्यावा, पण तक्त्यातल्या वंगणाची जागा त्याला देऊ नये.

प्लॅस्टिकचे किंवा नायलॉनचे बुश, रबरी सील, रंगवलेले पृष्ठभाग यांना प्रत्येक तेल मानवत नाही. काही तेलांनी रबर फुगते, काहींनी प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून अशा जागी मॅन्युअल जे सांगते तेवढेच करावे. खुर्च्यांच्या रुळांसाठी सेसना चक्क मेण घासायला सांगते. ही सूचना मला नेहमी आवडते, कारण ती स्वस्त, कोरडी आणि प्रवाशांच्या कपड्यांना न डागणारी आहे. आणि विमान धुताना पाण्याचा जोरदार झोत बिजागऱ्यांवर व बेअरिंगांवर मारणे टाळावे. झोताच्या दाबाने पाणी झाकणांच्या आत शिरते आणि तेथेच राहते.

एलेरॉन आणि रडर यांच्या बिजागरीपाशी विणलेल्या तारेची एक छोटी पट्टी जोडलेली दिसेल. हवेतून जाताना साठणारी स्थिर वीज विमानाच्या सांगाड्यापर्यंत पोचावी म्हणून ती असते, कारण वंगण लावलेला सांधा विजेसाठी भरवशाचा मार्ग नसतो. तिच्या जोडणीवर ग्रीस फासले तर तिचा उपयोगच संपतो.

प्रत्यक्ष काम

काम सुरू करण्याआधी त्याच विमानाचा, त्याच अनुक्रमांकाचा तक्ता समोर हवा, कारण सेसना १७२ च्या निरनिराळ्या वर्षांच्या मॉडेलांत सुटे भाग बदललेले आहेत. विजेचा मास्टर स्विच बंद, चाकांना अडसर आणि कॉकपिटमध्ये ‘नियंत्रणे हलवू नका’ अशी ठळक पाटी. बेलक्रँकमध्ये हात घातलेला असताना कोणी गमतीने चाक फिरवले तर बोटे सापडतात. प्रत्येक जागा आधी पुसायची, मग वंगण द्यायचे, मग नियंत्रण पूर्ण टोकापर्यंत काही वेळा हलवून ते पसरू द्यायचे आणि शेवटी बाहेर आलेले जादा वंगण पुसून टाकायचे. नवशिक्याच्या हातून सहसा हीच शेवटची पायरी सुटते, आणि महिन्याभराने त्या सांध्याभोवती धुळीचा काळा लगदा जमलेला असतो.

वंगणाच्या निमित्ताने जेवढ्या जागांपर्यंत हात आणि डोळे पोचतात, तेवढ्या एरवी क्वचितच पोचतात. कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली खीळ) जागेवर आहे का, टर्नबकलची (केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या आट्यांच्या जोडाची) सुरक्षा-तार तुटली आहे का, बेलक्रँकच्या कानाला तडा आहे का, रॉडच्या टोकात बोटाला जाणवणारी ढिलाई आहे का, हे सारे त्याच वेळी पाहून होते. झाकणे परत लावण्याआधी फडकी आणि हत्यारे मोजून घ्यावीत. पंखात राहिलेला स्क्रूड्रायव्हर उड्डाणात घरंगळत बेलक्रँकपाशी येऊन अडकू शकतो, आणि मग जगातले कोणतेही ग्रीस कामाला येत नाही.

अमेरिकेत स्वतःचे विमान असलेल्या परवानाधारक वैमानिकाला यातले काही काम करण्याची मुभा आहे. तेथील नियमावलीच्या ४३ व्या भागातील परिशिष्टानुसार, झाकणे आणि आच्छादने यांपलीकडे काही उघडावे लागत नसेल असे वंगणाचे काम प्रतिबंधक देखभालीत मोडते. ते करणाऱ्याने लॉगबुकात कामाचे वर्णन, तारीख, सही आणि परवान्याचा क्रमांक लिहायचा असतो. ट्रिमचा अ‍ॅक्च्युएटर उघडणे अर्थातच या मुभेत बसत नाही. भारतातील प्रशिक्षण संस्थांमध्ये हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानाधारक देखभाल इंजिनिअरच्या देखरेखीखाली होते आणि विमान सेवेत सोडण्याची सही त्याची असते. विद्यार्थी-वैमानिकाच्या वाट्याला येते ते उड्डाणापूर्वी बिजागऱ्या पाहणे, नियंत्रणे मोकळी आणि योग्य दिशेने हलतात याची खात्री करणे, आणि काही वेगळे जाणवले तर ते लेखी कळवणे.

चाक जड लागते अशी तक्रार आली की पहिला हात तेलाच्या डब्याकडे जातो, आणि तेथेच खरे कारण झाकले जाण्याची भीती असते. केबलचा ताण वाजवीपेक्षा जास्त असेल तर प्रत्येक पुली जड होते. तो ताण टेन्सिओमीटर लावून मोजता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा उष्णतेने पोलादी केबलपेक्षा जवळजवळ दुप्पट पसरतो, त्यामुळे तळपत्या दुपारी आणि थंडीतल्या पहाटे घेतलेल्या मापांत फरक पडणारच, हेही ध्यानात घ्यावे. जडपणा फक्त थंडीत जाणवत असेल तर चुकीच्या मानकाचे, गारठ्यात घट्ट होणारे ग्रीस कोणीतरी वापरल्याची शंका घ्यावी. तो फक्त एका विशिष्ट कोनात जाणवत असेल तर काहीतरी घासते किंवा वाकलेले आहे. पुशरॉड बेलक्रँकपासून सोडवून एलेरॉन आणि केबल वेगवेगळे हलवून पाहिले की अडथळा पंखाच्या टोकाला आहे की कॉकपिटच्या बाजूला, हे कळते. हे सोडवणे-जोडणे परवानाधारक इंजिनिअरचे काम आहे, आणि जोडल्यावर दुसऱ्या व्यक्तीकडून हालचालीची दिशा स्वतंत्रपणे तपासून घेतल्याशिवाय ते विमान हँगरबाहेर काढू नये.